सरांचं चिल

"सर, फ्लेक्सवरची ही पोरगी तुमच्या वर्गात कोणत्या बाकावर बसायची?"

विचारून टाकलं बाई! मम्मी-पप्पांबरोबर लातूरच्या स्टँडवरून ऑटोनं क्लासला येताना त्याच टॉपर पोरीचा तोच फोटो मी आणखी दोन क्लासच्या फ्लेक्सवर बघितला होता, आणि लगेच आमच्या लोह्याच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला होता. अर्शियाचा मेसेज आला, "समीक्षा, सरला विचारून दाखव. न्हाई विचारलं तर लोह्यात तोंड दाखवू नको." खाली पुनमचा, "हाव, विचारच."

सर हसले. "चिल, बेटा, चिल!"

पप्पाही हसले. पण मला काही ते चिल पटलं नाही. आमचा रोजचाच शब्द आहे तो. पेपर बुडाला की पुनम "चिल मार" म्हणते आणि आपल्या डब्यातलं अर्धं धपाटं माझ्या हातावर ठेवते. अर्शिया तर चिडलेल्या आईलाच "अम्मी, चिल पिल घ्या" म्हणते आणि फटका खाते. सरांनी मात्र चिल म्हणत पप्पांकडं प्रवेशाचा फॉर्म आणि पेन सरकवला.

"तिला फिजिक्स कोण शिकवायचं, सर?"

"अगं, किती टेन्शन घेते! चिल ना."

"वर्ग बघू का?"

"आत्ता कुलूप आहे. चिल."

तीन वेळा चिल आणि उत्तर एकदाही नाही! मला दुसराच घोर होता. इथं नाव घातलं की मम्मी अंगणवाडीची नोकरी सोडणार, लातुरात खोली करणार आणि दोन वर्षं मला करून घालणार. आमच्याकडं सगळ्यांच्या आया हेच करतात. मम्मीनं तर सामानही काढून ठेवलेलं.

"लई बोलून राहिली तू," पप्पा दबक्या आवाजात म्हणाले. "गल्लीतली सगळी पोरं इथंच हायत."

तेवढ्यात मम्मीनं पदर सावरला. "सर, ती लेक इथं शिकली का न्हाई, तेवढं सांगा."

सर फॅनकडं बघत म्हणाले, "टेस्ट सिरीज दिली होती ताई. आमचीच म्हणायची की."

"म्हंजी शिकली न्हाई."

पप्पांनी पेन टेबलावर ठेवला, पण उठले नाहीत. मग मीच उठले.

"पप्पा, मम्मी, मी लोह्यातच अकरावी करणार. आणि मम्मी नोकरी सोडणार न्हाई. चला."