माझी मूठ आणि हॉटेलचं मीठ

चाळीस वर्षं मी, वेंकूबाई, तिरुवैयारुपासून ओरत्तनाडूपर्यंत तमिळ मुलखातल्या आपल्या मराठी लोकांच्या लग्नांत रांधलं. मग कंत्राटदार आले. मांडव, फुलं, नादस्वर, जेवण सगळं एकाच माणसाकडे. मला पुढच्या खुर्चीवर बसवून विडा देतात. घरी रांधावं, तर सहा पानं, त्यांतल्या दोघांना साखरेचं दुखणं.

म्हणून त्रिची रस्त्यावरच्या नव्या हॉटेलात दर रविवारी ‘राजांच्या काळचं मराठी जेवण’ वाढणार आणि बाई हवी, असं कळल्यावर मी स्वतः गेले. तोंडाने काही म्हटलं तरी ते काम मला हवंच होतं.

मॅनेजर कल्याणराम. उन्हाळ्यात गळ्याला टाय, म्हणजे फासाची सवय असावी. त्याचा मुख्य स्वयंपाकी सिंगापूरला राहून आलेला, डोक्यावर हातभर उंच टोपी. स्वयंपाकघर लखलखीत, पण देव नाही. विचारलं, तर फ्रिजवरचं कॅलेंडर दाखवलं. त्यावर मुरुगन होता, म्हणून चालवून घेतलं.

रसवांगी केली. वांगी कोवळी, चिंच जुनी, मसाला घरून नेलेला. मिठाचा डबा उघडला, तर पिठासारखं पांढरंशुभ्र मीठ. श्रीमंतांचं मीठसुद्धा उन्हात न गेलेलं. माझी नेहमीची मूठ भरली आणि टाकली.

टोपीवाल्याने चमचा पुढे केला. “मामी, चव बघा.”

“नैवेद्य व्हायचाय. देवाआधी मी उष्टं करू?”

“इथे सगळे चाखतात.”

“म्हणूनच तुम्हाला बाई शोधावी लागते,” मी म्हटलं.

कल्याणरामने पहिला घास घेतला आणि एकदम तीन ग्लास पाणी प्यायला. मला वाटलं, गहिवरला.

आठ दिवसांनी इंग्रजीत पत्र आलं. नातीने, दिव्यश्रीने, वाचून सांगितलं की कंपनीला खेद होतो, पण काम देता येत नाही.

“खेद त्यांना होतो, तर पत्र मला कशाला?” मी म्हटलं.

पंधरा दिवस मी कारणं रांधली. गॅसची आच खोटी, भांडी परकी, टोपीवाला मत्सरी. शेजारच्या कनकलताने विचारलं, तर सांगितलं, “मीच नको म्हटलं. तिथे देव नाही.” तिने गल्लीभर माझी स्तुती केली. सून धनलक्ष्मी तेवढी गप्प होती. माझ्या भावाचीच मुलगी, पण गप्प बसणं कुणाकडून शिकली देव जाणे. आमच्या घराण्यात ते नाही.

मग एका शुक्रवारी घरातलं खडेमीठ संपलं आणि मुलाने, मुरलीकृष्णाने, टीव्हीवर दाखवतात ते पाकीट आणलं. मी रसवांगी केली, मूठ टाकली, नैवेद्य दाखवला, पानं वाढली. मुरलीकृष्णाने एक घास घेतला आणि पाण्याकडे हात नेला. अगदी कल्याणरामसारखा.

मी चाखून बघितलं. समुद्र.

“आत्या,” धनलक्ष्मी म्हणाली, “खड्यांत फट राहते. हे बारीक. त्याच मुठीत जास्त मावतं.”

“तुला आत्ता कळलं?”

“पत्र आलं त्या दिवशीच वाटलं होतं. हॉटेलात असलंच असणार.”

“मग बोलली का नाहीस गं?”

“सोळा वर्षांत तुम्ही मला मीठ विचारलंत कधी?”

मी पान बाजूला सारलं. मिठामुळे आणि तिच्यामुळेही. चाळीस वर्षांत देवाने एकदाही तक्रार केली नाही, म्हणून मी समजत आले की माझं चुकत नाही. पाहुणेही बोलले नाहीत. लग्नातल्या स्वयंपाकीणबाईला कोण बोलतं?

सोमवारी धनलक्ष्मीला घेऊन हॉटेलात गेले. कल्याणरामला सांगितलं, “मीठ जास्त झालं होतं. चूक माझी. पुन्हा करून दाखवते.” हे वाक्य म्हणायला मला त्रिची रस्ता सगळा लागला होता. तो गोंधळला. नाकारलेली माणसं त्याच्याकडे भांडायला येत असावीत.

रसवांगी झाली. पहिली वाटी कॅलेंडरातल्या मुरुगनापुढे ठेवली. देव मीठ माफ करतो, मॅनेजर करत नाही. मग देवाचं झालेलं, म्हणून चाखायला मोकळं. चमचा धनलक्ष्मीच्या हातात दिला. टोपीवाला बघत होता.

“कमी आहे, आत्या.”

सगळ्यांसमोर. माझ्या रसवांगीला. मी डबा ओढला आणि चिमूटभर टाकलं.

“अजून जरा.”

टाकलं.

कल्याणरामने घास घेतला. पाण्याच्या ग्लासाला हात लावला नाही. भात संपवला, पान पुढे सरकवून पुन्हा वाढून घेतलं आणि विचारलं, “रविवारी किती वाजता याल, मामी?”

“विचार तिला,” मी म्हटलं. “चमचा तिच्याकडे आहे.”