डब्यातल्या गोळ्या आणि सांतानचं डुक्कर

"रे सांतान, आठवड्याची गोळी खाल्लंस?" फेलिसिदाद बांधावरून ओरडली.

तिचा नवरा गुडघाभर चिखलात वाकून भाताचा तरवा लावत होता. "मी बरो आसंय गो! बऱ्या माणसाक औषध कित्याक?"

असा आमचा हा शेजारी. गेल्या लावणीत टाचेच्या भेगांतून याच्या अंगात लेप्टोचा ताप शिरला. चार दिवस काढे पीत बसला, मग कुठेतरी सलाईन लावून आला, आणि शेवटी थेट गोव्याचं मोठं इस्पितळ. लेक सिल्व्हियाच्या लग्नासाठी पोसलेलं डुक्कर आणि साठवलेले पैसे, दोन्ही त्या बिलात गेले. लग्न वर्षभर लांबलं. यंदा परसात दुसरं डुक्कर वाढत होतं. तेही गेलं असतं, तर मुलाकडचे आणखी थांबणार नव्हते.

पावसाआधीच सरकारी दवाखान्याची आशाताई सुगंधा घरोघर फुकट गोळ्या वाटून सांगून गेली होती. "उंदराचा मूत चिखलात आसता. जखम झाकून ठेवा, आठवड्याक गोळी घ्या. ताप येवन पोटऱ्यो दुखल्यो तर एक दीस पण थांबा नकात." फेलिसिदाद कान देऊन ऐकत होती. सांतान नुसती मान डोलवत होता.

महिन्याभरानं एका दुपारी तिची हाक आली आणि मी मधला दगडी गडगा ओलांडून धावलो. सांतान कांबळं पांघरून कुडकुडत होता आणि मांडीवर बिस्किटांचा डबा. डब्यात चारही आठवड्यांच्या गोळ्या!

"ह्या काय रे?" फेलिसिदादनं विचारलं.

"जपून ठेवलंय. फुकटची औषधा बऱ्या अंगार कित्याक घालवची? आता एकदम खातलंय."

तिनं डबा हिसकावला आणि त्याची पोटरी दाबली. तो कळवळला.

"रिक्षा काढ रे!" ती मला म्हणाली.

"आधी तरवो लावून होवंदे…"

"तरवो मी लावतलंय! तू चल, नायतर डुकर जातलो!"

नाव डुकराचं घेत होती, पण डोळे भरले होते नवऱ्यासाठी. मी रिक्षा काढायला धावलो.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी आणलंत, फार बरं केलंत." पाच दिवसांत सांतान घरी परतला. खर्च काय तो माझ्या रिक्षाच्या पेट्रोलचा. तेव्हापासून हा बांधाबांधावर उभा राहून लोकांना गोळ्यांचं महत्त्व सांगतो, जणू शोध यानंच लावलाय.

जानेवारीत सिल्व्हियाचं लग्न थाटात झालं. सांतान स्वतः पंगतीत डुकराच्या मटणाचं सोरपोतेल वाढत फिरत होता. सुगंधा दिसताच त्यानं पळी वर केली.

"सुगंधाबाय, तुझ्यामुळे माझो डुकर वाचलो गो!"

मी माझ्या ताटाकडे पाहिलं. डुकराचं मत विचारायला जरा उशीर झाला होता.