दिवस बुडायच्या आतली गोळी

खुळखुळ.

दुपारी सगळं घर निजलेलं, त्यात तेवढाच आवाज झाला आणि भाग्यश्रीचा हात जागच्या जागी थांबला. सासऱ्यांची गोळ्यांची डबी ती उद्याच्या पिशवीत ठेवत होती. पहिल्या महिन्याच्या पस्तीस गोळ्या मिळाल्या होत्या, तीस दिवसांनी उरलेल्या पाच परत न्यायच्या होत्या. पाच गोळ्या एवढ्या वाजत नाहीत. तिने झाकण काढून ओंजळीत ओतल्या. चौदा!

सासऱ्यांना, म्हणजे आप्पासोंना, दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. नेहमीची औषधं चालूच होती. वर ही नवी गोळी, अजून बाजारात न आलेली. कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात तिची चाचणी चालली होती. निम्म्या लोकांच्या डबीत औषध, निम्म्यांच्या डबीत हुबेहूब तशीच, पण औषध नसलेली गोळी. कुणाच्या वाट्याला काय, हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही. आप्पासोंचा धाकटा भाऊ पन्नाशीच्या आत छातीत कळ येऊनच गेला होता. म्हणून त्यांनी हौसेने सही केली. "मला न्हाई लागू पडलं तर सम्मेदला तरी पडंल," म्हणाले होते. सम्मेद त्यांचा मुलगा, भाग्यश्रीचा नवरा.

गोळीची वेळ रात्री नऊ. सहा वर्षांच्या लेकीला, चंदनाला, निजवलं की भाग्यश्री दवाखान्याने दिलेल्या वहीत नऊच्या चौकटीत बरोबरची खूण करायची. विचारायची मात्र नाही.

आता तिने कपाळावर हात मारून घेतला. मामा, तिचे सासरे, जैनांच्या नेमाप्रमाणे दिवस बुडाल्यावर पाण्याचा थेंबही घेत नाहीत. लग्न होऊन आली तेव्हापासून त्यांच्यासाठी संध्याकाळी पाचलाच तवा ठेवतेय, आणि तीच बाई नऊची खूण करत बसली होती!

"मामा, ह्या कशा उरल्या वो?"

आप्पासो कॉटवर उठून बसले. "दिवस असंस्तोवर, जेवणाबरोबर घेतोय की. पर डेअरीत दूध घालायला रांग लागली की अंधारच पडतोय. त्या दिवशी जेवण न्हाई, गोळी बी न्हाई."

"मग सांगायचं न्हाई व्हय?"

"तू रोज खूण करतीस. म्हटलं, पोरीचा जीव कशाला वर-खाली करा."

दारातून सम्मेदने ऐकलं. "नऊ गोळ्या मोरीत टाक जा. पाच उरल्या की मिटलं. न्हाईतर काढतील की आप्पास्नी त्यातनं!"

तीच भीती तिलाही होती. तिने नऊ गोळ्या मुठीत घेतल्या, मोरीपर्यंत गेलीसुद्धा.

मागून आप्पासो म्हणाले, "भाग्यश्री, ही गोळी चांगली का वाईट, ते कशावरनं ठरवणार गं? त्या वहीवरनंच न्हवं?"

ती तशीच मागे फिरली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात, चाचणीची कागदपत्रं बघणाऱ्या संयोगितासमोर तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. संयोगिताने पेन खाली ठेवलं.

"आजोबा, पहिल्याच दिवशी का न्हाई सांगितलं?"

"तुमी इचारलंच न्हाई, बाई."

"आन् ताई तुम्ही, न बघता खुणा? एवढा भरवसा आमच्या घरात माझ्यावर कुणी टाकत न्हाई!"

ती आत डॉक्टरांकडे गेली. बाकावर बसून आप्पासो पिशवीचा बंद पिळत राहिले. अर्ध्या तासाने म्हणाले, "काढलं तर काढलं. खोटं न्हाई बोललो."

संयोगिता बाहेर आली ती हसतच. "न्हाई काढत. चुकलेल्या गोळ्या चुकल्या म्हणूनच लिहायच्या. आन् वेळ बदलली, रोज साडेपाच. पण आता एक बी चुकवायची न्हाई!"

"मग दूध?" भाग्यश्रीने विचारलं.

"मोरीवाला हाय की तुझा. घालू दे त्याला," आप्पासो म्हणाले, आणि त्यांचं गाव गडमुडशिंगी येईपर्यंत आपल्याच बोलण्यावर हसत राहिले.

त्या संध्याकाळी ऊन अजून गोठ्याच्या पत्र्यावर होतं. सम्मेद किटली घेऊन डेअरीला गेला होता. चंदना पाण्याचा तांब्या घेऊन उभी. आप्पासोंनी गोळी गिळली.

"आज्जा, आ करा."

त्यांनी आ केला. जिभेखालीसुद्धा बघून मगच तिने वहीत खूण केली. भाग्यश्रीला हसू आलं. पोर आईपेक्षा शहाणी निघाली.

चंदनाने डबी कानाशी धरून हलवून पाहिली, मग आईकडे वळली.

"आई, आज्जाच्या डबीत औषधाची गोळी हाय का बिनऔषधाची?"