कुलपाचा तास

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात आमच्या हॉलिस गावातली कापडगिरणी बंद पडली आणि तिच्यामागोमाग शाळाही खंगत गेली. इकडे शाळा चालतात त्या घरपट्टीवर. ओढ्यापलीकडच्या बेलफोर्डमध्ये मोठमोठे बंगले, म्हणून तिथल्या शाळेत पोहण्याचा तलाव. आमच्याकडे निम्म्या घरांना टाळं लागलेलं, म्हणून माझ्या रसायनशास्त्राच्या वर्गात साधा नळही नाही. मी फळ्यावर परीक्षानळी काढायचो आणि ती उकळते आहे असं मुलांनी समजून घ्यायचं.

एकदा डेल्फीन प्रुइटनं हात वर केला. वर्गातली सगळ्यात हुशार आणि सगळ्यात तोंडाळ पोरगी.

"सर, अमोनियाचा वास उग्र असतो म्हणता. उग्र म्हणजे नेमका कसा?"

मी पुस्तकातलं वाक्य पुन्हा वाचलं. दुसरं करणार काय?

त्याच आठवड्यात मी बेलफोर्डच्या शाळेतल्या इन्ग्रिड सोलबर्गला गाठलं. ती तिथे माझाच विषय शिकवायची.

"तुझी प्रयोगशाळा दुपारनंतर रिकामीच असते ना?"

"कुलूप असतं. तुझी मुलं आण, माझी ना नाही. पण शाळा मंडळ हो म्हणायला हवं, आणि ती माणसं तुला ठाऊक आहेत."

"ठाऊक आहेत म्हणूनच आधी तुझ्याकडे आलो."

मंडळाच्या बैठकीला डेल्फीन तिच्या आजीला, व्हर्लीनबाईंना घेऊन आली. आजींनी चर्चला जातानाची जांभळी टोपी घातली होती. सुरुवातीलाच गॅरिटी नावाचे बेलफोर्डचे एक पालक उठले.

"आम्ही घरपट्टी भरतो ती आमच्या मुलांसाठी. उद्या ह्यांनी काही फोडलं तर?"

व्हर्लीनबाई उसळून उठणार, तोच डेल्फीननं त्यांचा हात दाबला आणि स्वतः उभी राहिली.

"काका, तुमच्या मुलांच्या तासाला मी हातही लावत नाहीये. तुमची मुलं घरी गेल्यावर त्या खोलीत फक्त कुलूप बसलेलं असतं. त्या कुलपाचा तास तेवढा आम्हाला द्या."

कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. एका मताच्या फरकानं ठराव मंजूर झाला. बाहेर आल्यावर आजी फुरंगटल्या, "मी एवढी तयारी करून आले होते, मला बोलूच दिलं नाहीस, कार्टे!"

पहिल्या दिवशी आमची मुलं देवळात आल्यासारखी गप्प उभी होती. इन्ग्रिडनं अमोनियाची बाटली उघडली. डेल्फीन वाकली, दचकून मागे सरली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ती पुन्हा पुढे वाकली.

"पुरे गं!" इन्ग्रिड ओरडली.

"थांबा हो बाई, नीट कळू तर द्या!"

महिन्याभरात बेलफोर्डची काही मुलंही मागे थांबायला लागली. गॅरिटींची मोली डेल्फीनची प्रयोगातली जोडीदारीण झाली. दोघी निळे स्फटिक वाढवत होत्या आणि त्यावरून रोज भांडत होत्या.

मग एके दिवशी आमची बस बिघडली. मुलं हिरमुसून आमच्या शाळेच्या पायरीवर बसलेली, इतक्यात एक मोठी गाडी आवारात शिरली. स्टिअरिंगवर स्वतः गॅरिटी.

"चला, बसा लवकर," ते गुरगुरले. "तुमची डेल्फीन नसेल तर आमची मोली कुणालाच स्फटिकांना हात लावू देत नाही. फोन करकरून मला दुपारचं जेवूही दिलं नाही तिनं."

पुढे दोन्ही गावांच्या मंडळांनी मिळून राज्याकडे मागणी केली, की ओढ्याच्या दोन्ही काठांची घरपट्टी एकत्र करा आणि मुलांच्या संख्येप्रमाणे वाटा. त्या सुनावणीत गॅरिटी आमच्या बाजूनं बोलले. अडखळत, पण बोलले. निकाल अजून यायचाय. तोवर आमच्या वर्गात नळ तरी आलाय, आणि डेल्फीन अटलांटाला रसायनशास्त्रच शिकायला गेलीय.

ती गेली त्या रविवारी व्हर्लीनबाईंनी सगळ्यांना पीच फळं भरून भाजलेला 'पाय' हा गोड पदार्थ खायला बोलावलं. गॅरिटींनी ताटली दुसऱ्यांदा पुढे केली.

"घ्या की," आजी म्हणाल्या, "फुटली ताटली तरी चालेल, आम्ही त्यासाठी मंडळाची बैठक भरवत नाही."

गॅरिटी कानापर्यंत लाल झाले आणि मग सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले.