बिनदाराचा बंगला

सहादेवनं बंगला बांधला तो बेलापूर स्टेशनाजवळ, जिथं लढाईच्या पैशावर भराभर बंगले उठत होते. त्याच्याकडं नगरच्या छावणीतल्या खेचरांना गवत पुरवायचा ठेका होता, आणि इंग्रज जिंको की जर्मन, खेचरं काही उपास धरत नाहीत. त्या बंगलेपट्टीतला एकूण एक पुरुष सकाळच्या गाडीनं नगर गाठायचा. कोणी वकील, कोणी ठेकेदार, कोणी कचेरीतला साहेब. कोट घालून, डबा घेऊन मंडळी एकदा गेली की थेट दिवेलागणीला परत. मागं उरायच्या त्यांच्या बायका आणि शेजारच्या चांदबीची शेळी.

सगळ्या बंगल्यांना सागवानी दारं होती, दारांना पितळी कड्या होत्या, आणि कड्या रोज चिंचेनं घासल्या जायच्या. सहादेवच्या बंगल्याला मात्र दारच नव्हतं. नवराबायको दोघंही शनिशिंगणापूरची. तिथं घराला नुसती चौकट असते, राखण देव करतो. सुतारानं तीनदा विचारून बघितलं. तिसऱ्यांदा सहादेवची बायको गोजरबाई त्याला म्हणाली, "आरं दादा, देव काय निस्ता शिंगनापुरातच बघतो व्हय?" बिचाऱ्या सुतारानं चौकट ठोकली नि गेला.

चोराचिलटाची भीती गोजरबाईला कधी वाटली नाही. तिचं दुखणं वेगळंच होतं. तिच्याकडं कोणी येत नव्हतं. गावाकडं दिवसभर राबता असायचा. कोणी विस्तव न्यायला येई, कोणी मीठ मागायला, आणि काहीच नडलं नाही तर नुसतं बूड टेकायला. इथं गाडी गेली की बंगल्यात तिच्या बांगड्यांचाच काय तो आवाज. येईल कोणीतरी म्हणून ती शेंगदाण्याचे लाडू करून ठेवायची. कोणी यायचं नाही, मग संध्याकाळी ते सहादेवला खावे लागायचे. तीन महिन्यांत त्याच्या कोटाची बटणं दोनदा सरकवावी लागली.

"तूच जा की कुनाकडं," तो एकदा लाडू गिळत म्हणाला.

"दारं लावून बसल्यात समद्या," गोजरबाई म्हणाली. "आपल्याकडं दारं लावतं का कुनी? मानूस नगं म्हनूनच लावत्यात ना?"

संक्रांतीला तर कहर झाला. सकाळी ती उंबऱ्याशी आली तर पायाशी ताटली. ताटलीत हळद, कुंकू, तीळ आणि वर बोरं. उंबऱ्यावर न सांगता असलं कोण ठेवतं? करणी करणारं ठेवतं. तिनं देवाचं नाव घेत ती ताटली चिमट्यानं उचलली, लांब धरून पाटापर्यंत नेली आणि पाण्यात सोडून दिली. घरी येऊन डोक्यावरून अंघोळ केली आणि मग ढसाढसा रडली. बोलत नाहीत ते नाहीत, वर वाईट चिंतायला लागल्या, असं तिला वाटलं.

त्यानंतर आठ दिवसांनी दुपारी ती मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होती, तर पुढून ओरडणं ऐकू आलं. जाऊन बघते तो चांदबीची शेळी माजघरात, तोंड लाडवांच्या डब्यात. आणि लाकडाच्या वखारवाल्या नूरुद्दीनची बायको चांदबी चौकटीबाहेर उभी, पदर सावरत शेळीला शिव्या घालतेय. पण पाऊल काही आत टाकत नव्हती.

"भाबी, आत येऊन वढा की तिला," गोजरबाई म्हणाली.

"कशी येऊ?" चांदबी म्हणाली. "कडी कुठंय तुमची?"

"कडी कशाला?"

"वाजवायला. न वाजवता कुनाच्या घरात शिरायचं म्हंजे काय रीत झाली?" चांदबीचा साठलेला वैताग बाहेर पडला. "चारदा येऊन गेले मी. आन् त्या वकिलीनबाई पुष्पावती, त्या तर हळदीकुंकवाला बोलवायला आल्या, तुमी मागल्या अंगनात, त्या तासभर खोकल्या तुमच्या दारात. दार कुठलं, भोकात. शेवटी संक्रांतीचं वान उंबऱ्यावर ठिवून गेल्या. चांदीची ताटली हुती, बाई. तुमी परतसुदिक केली न्हाई."

शेळीनं तेवढ्यात आणखी दोन लाडू उरकले. चांदीची ताटली कुठं गेली ते गोजरबाईनं सांगितल्यावर चांदबी उंबऱ्याबाहेरच बसून पोट धरून हसली. इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं, तेही उंबऱ्यावरून.

"मला वाटलं, मानूस नगं म्हनून दारं लावता तुमी," गोजरबाई म्हणाली.

"धुरळा येतो गाडीचा, म्हनून लावतो," चांदबी म्हणाली. "कडी वाजवली की उघडतोच की."

दुसऱ्या दिवशी गाडी गेल्यावर गोजरबाई ठेवणीतलं लुगडं नेसून चांदबीच्या दारात उभी राहिली. जन्मात तिनं कडी वाजवली नव्हती. किती वाजवायची असते हे कोणी सांगितलं नव्हतं, तेव्हा तिनं दोन्ही हातांनी धरली आणि आपटली. पट्टीतली बाकीची झाडून सारी दारं उघडली. वकिलीनबाई तर पाण्याची घागर घेऊनच धावल्या. त्यांना वाटलं, आग लागली.

आतून चांदबीचा आवाज आला, "कोन हाय?"

गोजरबाई गोंधळली. गावात हे कधी कोणी विचारलं नव्हतं, जन्मापासून सगळ्यांना ती ठाऊक. आणि इथं आल्यापासूनही कोणी विचारलं नव्हतं. तिच्या डोळ्यांना पाणी आलं. सगळ्या बायका दारादारांतून कान देऊन उभ्या होत्या.

"म्या गोजर," ती घसा साफ करून म्हणाली. "शिंगनापूरची. बसाया आलेय."