कळण्याची चकती

मी एक जुनी उडती चकती आहे, मित्रांनो, आणि खोटं कशाला सांगू, उभ्या आयुष्यात मी फक्त तीनदा उडाले. जिचा जन्मच उडण्यासाठी, तिने बोटांवर मोजून तीन उड्डाणं सांगावीत, हे काही भूषणाचं नाही. पण ती तीन कशी झाली आणि चौथं का झालं नाही, तेवढं ऐकून घ्या.

परदेशात एक खेळ खेळतात. झाडीच्या मैदानात खांबावर एक टोपली असते, तिच्यावर लोखंडी साखळ्या लोंबत असतात. लांबून चकती फेकायची आणि कमीत कमी फेकींत त्या टोपलीत पाडायची. त्याला डिस्क गोल्फ म्हणतात. आपल्याकडे तो फारसा कोणाला ठाऊक नाही, पण त्याच्या चकत्या सिल्वासाजवळच्या मसाटमध्ये, पत्र्याच्या एका कारखान्यात होतात. पिकतं तिथे विकत नाही, म्हणतात ना, तसंच.

तिथल्या तीन नंबरच्या मशीनवर चिंधा होता. धुळ्याकडच्या साक्रीचा, बारा वर्षांपूर्वी बायकोचा हात धरून इकडे आलेला. तो वरून प्लास्टिकचा दाणा ओतायचा. दाणा आत वितळायचा, साच्यात दाबला जायचा आणि चकती बाहेर पडायची. शेजारच्या टेबलावर त्याची बायको तानूबाई पात्याने तिची कड तासायची. एवढी वर्षं दोघांनी मिळून चकत्या केल्या, पण दोघांनीही कधी एक फेकून पाहिली नव्हती.

दाणा दोन जातींचा असायचा. एक नारिंगी, महाग आणि कडक. त्याची चकती झाडावर आपटली तरी टवका उडत नाही, वर्षानुवर्षं सरळ उडते. पण ओल्या हातातून मासोळीसारखी निसटते. दुसरा निळा, स्वस्त आणि मऊ. त्याची चकती हातात घट्ट बसते, पण चार महिन्यांत तिची कड झिजते आणि ती भलतीकडेच वळू लागते. परदेशी गिऱ्हाईक कडक चकत्या मागवायचं, कारण त्यांना भाव चांगला.

एका वर्षी गणपतीला अभिजीत साहेब कोकणात गावी गेले. माल तपासून पास करायचं काम त्यांचं. नेमका तेव्हाच कडक दाणा संपत आला. नव्या दाण्याची गाडी वाटेत अडकली, आणि चारशे चकत्या व्हायच्या बाकी. कोपऱ्यात मऊ दाण्याचं एक पोतं पडून होतं. चिंधा त्या पोत्याकडे बघत जेवायला बसला. डब्यात कळण्याची भाकरी होती.

"तू ज्वारीमा उडीद का टाकस व?" त्याने तानूबाईला विचारलं.

"निस्ती ज्वारीनी भाकर मोडस. उडीद धरी ठेवस," ती म्हणाली. "आज काय नवं काढं तुम्ही?"

"किती टाकस?"

"चार वाटा ज्वारी, एक वाटा उडीद. जास्त टाका ते चिकट व्हस."

चिंधा हात धुऊन उठला तो थेट मशीनकडे. आधी त्याने दोन्ही दाणे निम्मेनिम्मे घेतले. ती चकती कांद्यासारखी पापुद्र्यांनी सुटली. मग चार वाटे कडक, एक वाटा मऊ, आणि ताप थोडा वाढवला. त्यातून बाहेर पडले ती मी! नारिंगी अंगावर निळी लाट घेऊन आलेली पहिली चकती.

तो मला घेऊन मागच्या अंगणात गेला. टाकीत हात बुडवून त्याने ओल्या हाताने मला फेकलं. मी निसटले नाही. सरळ गेले, शेवटी हलकेच वळले आणि कुंपणाच्या भिंतीवर जोरात आपटले. अंगावर ओरखडाही नाही. हे माझं पहिलं उड्डाण.

"तानू, तुन्हा कळणा उडना व!" तो ओरडला. तानूबाई हातातलं पातं विसरून हसत राहिली. मग त्याने खिळा घेतला आणि माझ्या आतल्या बाजूला कोरलं: चार आणि एक, चिंधा. चौथी शिकलेल्या माणसाचं ते वेडंवाकडं अक्षर. मला त्याचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू!

चारशे पुऱ्या झाल्या. एक खोकं परदेशी रवानाही झालं. मग साहेब परतले आणि बाकीची खोकी उघडून पांढरेफटक पडले.

"चिंधा, खोक्यावर एकच दाणा लिहिलाय. हे काय करून ठेवलंस तू?"

"साहेब, एकदा फेकून तर पहा."

"फेकून बघायचं नसतं रे, लिहिल्याप्रमाणे करायचं असतं."

साहेबांचं अगदीच चुकलं होतं असं मी म्हणणार नाही. चिंधाने विचारायला हवं होतं. पण त्यांनी आमच्यातली एकही उचलून फेकली नाही, आणि अहवालात एकच शब्द लिहिला: भेसळ. चिंधाचं काम गेलं. माझ्या उरलेल्या साऱ्या बहिणी दळून टाकायचं ठरलं, आणि ते काम सांगितलं तानूबाईला. जिची जिची कड तिने तासली होती, तिला तिला तिनेच त्या दळायच्या मशीनमध्ये घातलं. तो आवाज माझ्या कानांतून अजून जात नाही. मला तेवढी तिने पदराखाली घेतली आणि तीही काम सोडून घरी निघून आली.

मित्रांनो, काम गेल्याचं दुःख माणूस गिळतो, नाव गेल्याचं गिळवत नाही. मसाटमध्ये ज्या गेटवर चिंधा जाई, तिथे शब्द त्याच्या आधीच पोचलेला असे. "अरे, वो भेसळवाला," म्हणून वॉचमनसुद्धा हसे. शेवटी तो जवळच्या खडोली गावात पोती उचलू लागला. घरी येऊन मला मांडीवर घ्यायचा आणि तानूबाईला म्हणायचा, "भेसळ फसवाले करतस. मी ते चांगलं व्हवा म्हणीसन करं." ती म्हणायची, "माले माहीत शे." पण तिला माहीत असून त्याचं भागत नव्हतं.

एका रविवारी तो मुलीला, सोनीला, घेऊन दमणगंगेच्या काठी गेला. सोनीने मला फेकलं आणि तो माझ्यामागे लहान पोरासारखा धावला. हे दुसरं उड्डाण. त्याला हसताना मी पाहिलं ते तेव्हाच शेवटचं. चैत्रातल्या एका दुपारी तो पोत्याला टेकून बसला आणि उठलाच नाही.

मग मी पिठाच्या डब्यावरचं झाकण झाले. दिवाळीच्या आधी दारात अभिजीत साहेब उभे राहिले. गेलेल्या त्या एका खोक्याची कीर्ती झाली होती. निळ्या लाटेच्या चकत्या हातात बसतात आणि टिकतातही, म्हणून तिकडचे खेळाडू कडक चकतीहून जास्त भाव द्यायला तयार होते. इकडे मसाटमध्ये मात्र कोणालाच ते प्रमाण जमत नव्हतं.

"चिंधा कुठे आहे?" त्यांनी विचारलं. तानूबाईने भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बोट केलं. साहेबांनी फोटोला हात जोडले. मग त्यांची नजर पिठाच्या डब्यावर, माझ्यावर गेली. त्यांनी मला उचललं आणि चाळीबाहेरच्या रस्त्यावर फेकलं. हे तिसरं उड्डाण. मला घेऊन परतले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"तानूबाई, प्रमाण काय होतं?"

"सांगस. पन तुम्ही सगळास्ले सांगा, तो भेसळवाला नव्हता."

"शब्द देतो तुम्हाला."

"चार आनि एक," ती म्हणाली. "आनि जरा जास्त तापाडा."

आता तशा हजारो चकत्या होतात. भेसळीचं नाव आता 'खास मिश्रण' झालं आहे. तानूबाई पुन्हा टेबलावर कडा तासते, आणि मी ऑफिसच्या भिंतीवर असते, खाली एक पाटी. मला लावताना साहेबांनी उलटं केलं होतं. त्यांनी ते अक्षर वाचलं. खूप वेळ वाचलं. ते नाव दाखवायचं, तर आपलाच अहवाल खोटा ठरणार होता. मग त्यांनी पक्क्या गोंदाची बाटली उघडली आणि माझं पोट भिंतीला चिकटवून टाकलं.

एके दिवशी तानूबाई सोनीला घेऊन आत आली. "वाच व, काय लिखेल शे?"

"खास मिश्रण. आमच्या कारखान्याचा शोध," सोनीने वाचलं.

"आनि तुन्हा बापनं नाव?"

"नही शे, माय."

तानूबाई साहेबांकडे वळली. "साहेब, तिले उलटी करा ना. सोनीना बापनं नाव मांगे शे."

साहेब कागदांवरून मान वर न करता म्हणाले, "ती आता निघायची नाही, तानूबाई. ओढली तर तुटेल."

"ऱ्हाऊ द्या मंग," ती म्हणाली. "तुटाले नको." जाताना तिने पदराने माझ्यावरची धूळ पुसली.

मित्रांनो, तुम्ही वस्तू जपता, तेवढंच तिच्यामागचं नावही जपा. आणि कधी मसाटच्या त्या ऑफिसात आलात, तर माझी कीव करू नका. मला भिंतीवरून ओढून काढा. तुटले तरी चालेल मला.