ध्येयफलकाला दार पाडलं, त्याची हकिकत

मी एक फलक आहे. रोज सकाळी पस्तीस माणसं मला मोठ्याने वाचतात, पण स्वतः मी आज पहिल्यांदाच बोलतोय. सांभाळून घ्या.

जन्मलो तेव्हा मी हातभर फळी होतो. देवाच्या नावाने चालणाऱ्या एका शुश्रूषागृहात पेंटरने माझ्यावर निळ्या रंगात एकच ओळ लिहिली, 'आजाऱ्याला एकटं सोडायचं नाही.' मला वॉर्डाच्या दाराशेजारी ठोकलं. लोक येता-जाता वाचत आणि कामाला लागत. मी सुखात होतो.

मग समिती आली. तिला एका ओळीत ध्येय मावेना. दरवर्षी बैठक व्हायची, चहा व्हायचा आणि माझ्यात भर पडायची. निष्ठा आली, समर्पण आलं, मग निष्ठेविषयीचं समर्पण आलं. दर वेळी सुतारदादा येऊन मला नव्या फळ्या जोडायचे. सातव्या वर्षी मी इतका रुंद झालो की वॉर्डाचं दारच माझ्यामागे गेलं.

"आता आत जायचं कसं?" सिस्टरने विचारलं.

"स्वयंपाकघरातून," व्यवस्थापक म्हणाले. "ध्येय मोठं असलं की थोडा वळसा पडतोच."

कुणी हसलं नाही. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मला वाचायला आधी मिनिट लागायचं, आता पाऊण तास लागू लागला. वाचन चालू असताना कर्मचाऱ्यांनी जागचं हलायचं नाही, असा नियम. म्हणजे पस्तीस जण एका सुरात म्हणायचे, 'आजाऱ्याला एकटं सोडायचं नाही', आणि माझ्यामागे बावीस आजारी एकटे पडलेले असायचे.

फक्त वॉर्डातल्या मावशी वाचनाला येत नसत. एका आजोबांना दर पाच मिनिटांनी चमचाभर पाणी पाजावं लागे. जास्त पाजलं की ठसका. मला दिसत नसे, पण मागून ऐकू यायचं.

"आ करा, आजोबा. नखरे नकोत."

"तू वाचायला गेली नाहीस? काढून टाकतील तुला."

"काढतील तेव्हा बघू. आधी आ करा."

आणि खरंच ती वेळ आली. निष्ठेची तपासणी निघाली आणि हजेरीत मावशी त्रेसष्ट दिवस गैरहजर सापडल्या. एका सकाळी, वाचन चालू असतानाच, त्यांना माझ्यासमोर उभं केलं. शुश्रूषागृहाचे मुख्य गुरुजी खुर्चीत डोळे मिटून बसले होते. फलक पाठ म्हणून दाखवायचा, नाहीतर उद्यापासून घरी.

"सगळं नको, मावशी," व्यवस्थापक हळूच म्हणाले. "पहिली ओळ तरी म्हणा."

"कुठली पहिली, साहेब? ती गेल्या वर्षी चौदावी झाली."

"बरं, चौदावी म्हणा."

मावशींनी तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्यामागून ठसका ऐकू आला. मग दुसरा. मग नुसतीच घरघर. आजोबांनी पेला स्वतःच तोंडाला लावला असावा.

मावशी वळल्या. स्वयंपाकघराला कुलूप होतं, किल्ली आचाऱ्याच्या खिशात, आणि आचारी एकविसाव्या ओळीत.

"अहो, किल्ली द्या ना!"

आचाऱ्याने भुवयांनीच खुणावलं, संपू दे. सिस्टरचे डोळे भरून आले, पण ओठ काही थांबेनात.

कोपऱ्यात सुतारदादा नवी फळी घेऊन उभे होते. ते पगारी कर्मचारी नव्हते, त्यामुळे त्यांना हलायला मोकळीक होती.

"दादा, ह्याला फोडा," मावशी म्हणाल्या.

"फलकाला हात लावाल तर खबरदार!" व्यवस्थापक ओरडले.

सुतारदादांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी डोळे न उघडता म्हणाले, "वाचन थांबवू नका."

फोडू नका असं काही ते म्हणाले नाहीत. दादांनी हातोडीचं टोक घालून माझ्या मधल्या चार फळ्या कडाकड उचकटल्या. दुखलं. तरी मी मनात म्हणत होतो, दादा, हात चालवा.

मावशी माझ्यातून वाकून आत धावल्या.

"मान पुढे करा. थुंका. थुंका म्हणते ना! एकदम प्यायलात?"

बऱ्याच वेळाने आजोबांचा आवाज आला. "तू नव्हतीस."

समितीची बैठक तीन तास चालली. फलकासमोर उभं न राहण्याला शिक्षा होती, फलकातून जाण्याला कुठेच नव्हती. शेवटी गुरुजींनी निकाल दिला, की इतक्या वर्षांत ध्येयाच्या आरपार गेलेली ही एकच बाई. नोकरी राहिली. शिवाय मावशींचा आदर्श सगळ्यांनी घ्यावा, असा ठराव झाला.

आता रोज सकाळी सगळे माझ्या भोकातून तीनदा जातात, डोळे मिटून. निम्मे माझ्यावर आपटतात. रांग बाहेरच्या फाटकापर्यंत पोहोचते. दार झालं म्हणून स्वयंपाकघराचा रस्ता कायमचा बंद केलाय, आणि मावशींचा नंबर सव्विसावा.

तुम्ही कधी त्या रांगेत उभे राहिलात, तर डोळे उघडे ठेवा. मागे एक बाई पेला आणि चमचा घेऊन उभी असेल. तिला पुढे जाऊ द्या. मला वाचायचं राहिलं, तरी माझी काही तक्रार नाही.